विश्लेषण : जगाच्या भूगोलाचे प्रश्न आता पाठांतराने का सुटत नाहीत?

जगातील सर्वांत मोठे वाळवंट, सर्वांत खोल सरोवर, सर्वांत उंच शिखर... अशा ‘वन-लायनर’च्या याद्या राज्यातील प्रत्येक अभ्यासिकेत सापडतात. टेलिग्राम चॅनेलवर त्या रोज फिरतात, टेस्ट सिरीजमध्ये त्यावर गुणही मिळतात. पण प्रत्यक्ष पूर्वपरीक्षेत जगाच्या भूगोलावरचा प्रश्न समोर आला की याद्या पाठ असणारेही अडखळतात. प्रश्न अवघड झाला म्हणून नव्हे, तर त्याने विचारायचे ठिकाणच बदलले म्हणून. तो कसा बदलला आणि तयारीची पद्धत त्यानुसार कशी बदलायला हवी, याचा हा आढावा.

हा विषय आता चर्चेत का?

राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली आहे. आधीची अनेक वर्षे ती बहुपर्यायी होती. आता यूपीएससीच्या धर्तीवर लेखी उत्तरे लिहायची असून मुख्य परीक्षा १,७५० गुणांची आहे. ‘अटाकामा वाळवंट कोणत्या देशात आहे’ या प्रश्नाला चार पर्याय असतील तर आठवण पुरते. ‘अटाकामा किनाऱ्यालगत असूनही कोरडे का’ यावर दीडशे शब्द लिहायचे असतील, तर आठवणीवर भागत नाही.

योगायोग असा, की या नव्या पद्धतीची पहिली पूर्वपरीक्षा २८ सप्टेंबर २०२५ रोजी होणार होती. अतिवृष्टी आणि पूरस्थितीमुळे ती ९ नोव्हेंबरला घ्यावी लागली. ज्या हवामानावर प्रश्न विचारायचे, त्यानेच परीक्षेचे वेळापत्रक बदलले.

परीक्षेत या घटकाचे वजन किती?

राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा सामान्य अध्ययनाचा पेपर १०० प्रश्नांचा आणि २०० गुणांचा असतो. अभ्यासक्रमात ‘महाराष्ट्र, भारत आणि जगाचा भूगोल : प्राकृतिक, सामाजिक, आर्थिक’ असा स्पष्ट उल्लेख आहे. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेचे स्वरूपही असेच आहे. जगाच्या भूगोलाला ठरावीक कोटा नाही. एखाद्या वर्षी थेट प्रश्न कमी येतात, पण आंतरराष्ट्रीय घडामोडी आणि पर्यावरणाच्या प्रश्नांमागेही नकाशाच असतो.

एका प्रश्नाची किंमत पाहिली की हा घटक बाजूला का टाकता येत नाही, ते कळते. यूपीएससीत बरोबर उत्तराला दोन गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा होतात. म्हणजे एक प्रश्न बरोबर येणे आणि चुकणे यांत सुमारे २.६६ गुणांचा फरक पडतो. एमपीएससीत एक चतुर्थांश गुण कापले जातात, तिथे हा फरक अडीच गुणांचा. यूपीएससी पूर्वपरीक्षेचा खुल्या गटाचा कट-ऑफ २०२२ मध्ये ८८.२२ आणि २०२३ मध्ये ७५.४१ होता. दशांशानंतरच्या दोन आकड्यांवर वर्षभराच्या मेहनतीचा निकाल लागतो, तिथे एक सामुद्रधुनी किंवा एक सरोवर महाग पडू शकते.

प्रश्न नेमके कसे बदलले?

यूपीएससीच्या काही प्रश्नांतून ही दिशा दिसते. २०१८ मध्ये अरल समुद्र, काळा समुद्र आणि बैकल सरोवर यांपैकी मानवी हस्तक्षेपामुळे कोण आटले, असे विचारले होते. उत्तर अरल समुद्र. त्याला पाणी पुरवणाऱ्या अमू दर्या आणि सिर दर्या या नद्या १९६०च्या दशकापासून कापसाच्या शेतीकडे वळवण्यात आल्या. अरल समुद्र कुठे आहे, एवढेच माहीत असलेल्याला हे उत्तर ठामपणे देता येत नव्हते. त्याचे काय झाले, हे माहीत असायला हवे होते.

२०२२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील कोणते सरोवर कोरडे पडून वाळवंट झाले, असा प्रश्न होता. उत्तर होते मालीतील फागुइबिन सरोवर. हे नाव ‘जगातील प्रमुख सरोवरे’ या यादीत सहसा नसते. मात्र पर्यायांमध्ये व्हिक्टोरिया सरोवर होते आणि ते पूर्व आफ्रिकेत आहे, हे माहीत असलेल्याचा एक पर्याय लगेच कमी होत होता. साहेलचा पट्टा सहाराच्या दक्षिणेला कुठून कुठे पसरला आहे आणि तिथे १९७०च्या दशकात मोठे दुष्काळ पडले, हे ज्याला ठाऊक, तो उत्तराच्या आणखी जवळ पोहोचत होता.

२०२३ मध्ये डोनबास, काचिन आणि टिग्रे ही संघर्षग्रस्त ठिकाणे तीन देशांशी जोडून दिली होती आणि त्यातील किती जोड्या बरोबर, असे विचारले होते. बरोबर जोडी एकही नव्हती. डोनबास युक्रेनमध्ये, काचिन म्यानमारमध्ये आणि टिग्रे इथिओपियात. ‘किती बरोबर’ या पद्धतीने एलिमिनेशनचा, म्हणजे एखादी जोडी ओळखून बाकीचे पर्याय वगळण्याचा मार्ग जवळपास बंद केला. तिन्ही ठिकाणे माहीत असतील तरच उत्तर निघते.

‘सर्वांत मोठे, सर्वांत लांब’ या प्रश्नांत अडचण काय?

अशी उत्तरे निसर्गात तयार पडलेली नसतात. ती मोजण्याच्या पद्धतीवर आणि व्याख्येवर ठरतात. काही उदाहरणे :

सर्वांत उंच शिखर : समुद्रसपाटीपासून मोजले तर एव्हरेस्ट. नेपाळ आणि चीनने डिसेंबर २०२० मध्ये त्याची उंची ८,८४८.८६ मीटर जाहीर केली. पायथ्यापासून मोजले तर हवाई बेटांवरचा मौना केआ पुढे जातो. त्याचा मोठा भाग समुद्राखाली आहे आणि तळापासून त्याची उंची १० हजार मीटरहून अधिक भरते. पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वांत दूरचे टोक म्हणाल, तर ते इक्वेडोरमधील चिंबोराझो. पृथ्वी विषुववृत्तावर फुगलेली असल्याने साधारण ६,२६० मीटर उंचीचा हा पर्वत या कसोटीवर एव्हरेस्टला मागे टाकतो.

सर्वांत मोठे वाळवंट : बहुतेक याद्यांत सहारा. पण वाळवंट ही व्याख्या वाळूवरून किंवा उष्णतेवरून होत नाही, ती पर्जन्यमानावरून होते. त्या हिशेबाने अंटार्क्टिका सर्वांत मोठे आणि सहारा हे सर्वांत मोठे ‘उष्ण’ वाळवंट. प्रश्नात ‘उष्ण’ हा शब्द आहे की नाही, यावर गुण ठरतो.

सर्वांत लांब नदी : पाठ्यपुस्तकांत नाईल, सुमारे ६,६५० किलोमीटर. ॲमेझॉन तिच्यापेक्षा थोडी कमी. पण नदीचा उगम नेमका कोणता ओढा मानायचा आणि मुखाचा शेवट कुठे धरायचा, यावर संशोधकांत अजून एकमत नाही.

सर्वांत मोठे सरोवर : कॅस्पियन. मात्र रशिया, इराण, कझाकस्तान, अझरबैजान आणि तुर्कमेनिस्तान या पाच किनारी देशांनी १२ ऑगस्ट २०१८ रोजी अक्ताऊ येथे केलेल्या करारात त्याला सरोवराचे किंवा समुद्राचे नियम थेट लावलेले नाहीत. त्याला वेगळा दर्जा दिला. सरोवर मानले तर तळाचे तेल आणि वायू वाटून घेण्याचा एक हिशेब, समुद्र मानला तर दुसरा. भूगोलाच्या एका शब्दावर पाच देशांचे उत्पन्न अवलंबून होते.

एमपीएससी पहिली उत्तरतालिका जाहीर करून हरकती मागवते आणि नंतर अंतिम तालिका काढते. हरकत टिकवायची तर उमेदवाराला आपले उत्तर कोणत्या व्याख्येनुसार बरोबर, हे दाखवावे लागते. यादी पाठ असलेल्याकडे तो आधार नसतो.

हवामान पाठ करायचे की ओळखायचे?

तीन बातम्या घेऊ. ७ जानेवारी २०२५ रोजी लॉस एंजेलिस परिसरात वणवे भडकले. फेब्रुवारी २०२४ मध्ये चिलीच्या वालपराइसो भागातील वणव्यांत १३० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन शहरात नळ बंद पडण्याचा दिवस, म्हणजे ‘डे झीरो’ जवळ आला होता आणि नागरिकांना माणशी रोज ५० लिटर पाण्याची मर्यादा घालण्यात आली होती.

तीन खंड, तीन वेगवेगळ्या बातम्या. हवामानाचा प्रकार मात्र एकच, भूमध्यसागरी. हे हवामान साधारण ३० ते ४५ अक्षांशांदरम्यान खंडांच्या पश्चिम किनाऱ्यावर आढळते. कॅलिफोर्निया, मध्य चिली, केपटाऊनचा परिसर, ऑस्ट्रेलियाचा नैर्ऋत्य कोपरा आणि खुद्द भूमध्य समुद्राचा काठ ही त्याची पाच ठिकाणे. त्याचे वैशिष्ट्य असे, की पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. आपल्या मोसमी हवामानाच्या बरोबर उलट.

हा एक नियम लक्षात ठेवला की बाकीचे आपोआप उलगडते. लॉस एंजेलिसमध्ये जानेवारी हा पावसाचा महिना, पण त्या वर्षी हिवाळी पाऊस आलाच नव्हता आणि आतल्या वाळवंटाकडून समुद्राकडे वाहणारे कोरडे ‘सांता ॲना’ वारे जोरात होते. चिली दक्षिण गोलार्धात, त्यामुळे फेब्रुवारी म्हणजे तिथला कोरडा उन्हाळा. केपटाऊनला सलग तीन वर्षे हिवाळी पावसाने दगा दिला होता आणि तिथला हिवाळा जून ते ऑगस्ट असतो.

याचा महाराष्ट्राशी संबंध द्राक्षांतून येतो. चिली आणि दक्षिण आफ्रिका हे द्राक्षांचे मोठे निर्यातदार आहेत, कारण कोरडा उन्हाळा या पिकाला मानवतो. नाशिकला हे हवामान नाही. इथला शेतकरी एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी करून वेलीचे वेळापत्रक बदलतो आणि पावसाळा टाळून माल काढतो. भूमध्यसागरी प्रदेशाला निसर्गाने जी कोरडी खिडकी दिली, ती नाशिकने कात्रीने तयार केली. म्हणूनच माल तयार होत असताना आलेला अवकाळी पाऊस तिथे एवढे नुकसान करतो.

घरच्या उदाहरणावरून जग कसे समजते?

महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यात पूर्वेला माण-खटावमध्ये तो पाचशेच्या घरात येतो. बाष्पाने भरलेले वारे सह्याद्री चढताना पाऊस टाकतात आणि पलीकडे उतरताना कोरडे होतात. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. राज्यातील शाळकरी मुलालाही तो माहीत असतो.

हेच चित्र दक्षिण अमेरिकेच्या टोकाला उलट्या दिशेने उभे आहे. तिथे वारे पश्चिमेकडून येतात, अँडीज पर्वत त्यांना अडवतो, चिलीच्या बाजूला धो धो पाऊस पडतो आणि पलीकडचा अर्जेंटिनातील पॅटागोनिया कोरडा राहतो. सह्याद्रीच्या जागी अँडीज, माण-खटावच्या जागी पॅटागोनिया. नावे बदलली, यंत्रणा तीच. हिमालयाच्या एका बाजूला चेरापुंजीचा पाऊस आणि दुसऱ्या बाजूला तिबेटचे कोरडे पठार, हीही याचीच आवृत्ती.

वाळवंटांचेही तसेच. साधारण १५ ते ३० अक्षांशांच्या पट्ट्यात हवा वरून खाली येते, त्यामुळे ढग बनायला वाव कमी. त्यात पश्चिम किनाऱ्यालगत थंड सागरी प्रवाह असेल तर समुद्रावरची हवा थंड राहते, वर चढत नाही. धुके येते, पाऊस येत नाही. पेरू-चिलीजवळ हम्बोल्ट प्रवाह आणि अटाकामा, नामिबियाजवळ बेंग्वेला प्रवाह आणि नामिब, ही जोडी पाठ करावी लागत नाही. मात्र प्रत्येक वाळवंट या नियमात बसत नाही. गोबी कोरडे आहे ते समुद्रापासूनच्या अंतरामुळे आणि पर्वतांच्या अडसरामुळे. नियम कुठे थांबतो, हे विचारणे परीक्षकांना आवडते.

भूरूपाचा आणि बातमीचा काय संबंध?

सुएझ आणि पनामा या दोन्ही कालव्यांची नावे एकाच ओळीत पाठ केली जातात. त्यांच्यातला फरक जमिनीच्या उंचीत आहे. १८६९ मध्ये खुला झालेला १९३ किलोमीटरचा सुएझ कालवा सपाट भूभागातून जातो. समुद्राचे पाणी थेट आत येते. मार्च २०२१ मध्ये ४०० मीटर लांबीचे ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज तिथे आडवे झाले आणि सहा दिवस वाहतूक थांबली. तिथला धोका अरुंदपणाचा.

पनामात मध्ये डोंगराळ भाग आहे. १९१४ मध्ये सुरू झालेल्या या कालव्यात जहाज सुमारे २६ मीटर वर उचलून गातुन सरोवरात न्यावे लागते आणि पलीकडे उतरवावे लागते. त्यासाठी ‘लॉक’ आहेत, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून जहाज वर-खाली करणारी मोठी दालने. हे पाणी गोडे, पावसाचे. एका जहाजाच्या प्रवासात सुमारे २० कोटी लिटर गोडे पाणी समुद्रात जाते. त्यामुळे पनामात पाऊस कमी झाला की जागतिक व्यापार अडतो. २०२३ मध्ये तेच घडले. एरवी दिवसाला ३६ च्या आसपास जहाजे जात. त्या हिवाळ्यात ती २२ ते २४ वर आणावी लागली.

त्या दुष्काळामागे एल निनो होता. पॅसिफिक महासागराचे पाणी तापवणारा हाच एल निनो भारताच्या मोसमी पावसावरही परिणाम करतो. ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि त्या वर्षी राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. एल निनो हे एकमेव कारण नसते. पण पनामात रांगेत थांबलेले जहाज आणि मराठवाड्यात करपलेले सोयाबीन या दोन बातम्या एका नकाशावर ठेवता येतात, आणि परीक्षेला हे जोडणेच अपेक्षित असते.

होर्मुझची सामुद्रधुनी परीक्षेत वारंवार का येते?

कारण तिला वळसा घालायला समुद्रमार्गच नाही. पर्शियाच्या आखातातून बाहेर पडण्याची ती एकमेव वाट, सर्वांत अरुंद ठिकाणी सुमारे ३३ किलोमीटर रुंद. जगात वापरल्या जाणाऱ्या तेलापैकी सुमारे एक पंचमांश तेल आणि कतारचा द्रवरूप नैसर्गिक वायू इथून जातो. जून २०२५ मध्ये इराणच्या संसदेने ती बंद करण्याच्या बाजूने कौल दिला, तेव्हा जगभर चिंता पसरली. भारतात वापरल्या जाणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक आयात होतो आणि त्यातला बहुतांश आखाती देशांतून येतो. म्हणजे ही सामुद्रधुनी थेट घरातल्या सिलिंडरपर्यंत पोहोचते.

पर्याय आहेत, पण नकाशा उघडून पाहिल्यावर त्यांची मर्यादा दिसते. संयुक्त अरब अमिरातीची तेलवाहिनी फुजैरा बंदरापर्यंत जाते. ते होर्मुझच्या बाहेर, ओमानच्या आखातावर आहे. सौदी अरेबियाची वाहिनी तांबड्या समुद्रावरील यान्बूला पोहोचते. पण यान्बूहून भारताकडे यायचे तर बाब-एल-मंदेब ही दुसरी अरुंद सामुद्रधुनी ओलांडावी लागते. तिथे नोव्हेंबर २०२३ पासून हुथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले केल्याने अनेक कंपन्यांनी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपमार्गे नेली. एका कोंडीतून सुटण्याचा रस्ता दुसऱ्या कोंडीतून जातो, हे यादीवरून कळत नाही.

नकाशा स्वतःच दिशाभूल करतो का?

काही वेळा, हो. फोनवरील बहुतांश नकाशे मर्केटर प्रक्षेपणाच्या एका रूपावर बेतलेले असतात. गेरार्डस मर्केटरने १५६९ मध्ये ते खलाशांसाठी तयार केले. त्यात दिशा अचूक राहते, पण ध्रुवांकडे जावे तसे क्षेत्रफळ फुगत जाते. या नकाशावर ग्रीनलँड जवळपास आफ्रिकेएवढे भासते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे १४ पट आहे. भारताचे क्षेत्रफळ ३२.८७ लाख चौरस किलोमीटर, ग्रीनलँडचे सुमारे २१.६६ लाख, तरी नकाशात भारतच लहान वाटतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आफ्रिकी महासंघाने मर्केटरऐवजी क्षेत्रफळ खरे दाखवणारा नकाशा वापरण्याच्या मोहिमेला पाठिंबा दिला, तो याच कारणाने.

नावेही स्थिर नसतात. तुर्कस्तानचे नाव संयुक्त राष्ट्रांत जून २०२२ पासून ‘तुर्किये’ झाले. कझाकस्तानच्या राजधानीचे अस्तानावरून नूर-सुलतान (२०१९) आणि पुन्हा अस्ताना (२०२२) झाले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोच्या आखाताला ‘अमेरिकेचे आखात’ म्हणण्याचा आदेश काढला. बाकीच्या जगावर तो बंधनकारक नाही. पाच वर्षांपूर्वीची पीडीएफ आज पाठ करण्यात हा धोका आहे.

सगळे फोनमध्ये असताना हे डोक्यात कशाला?

ठिकाण शोधायला फोन पुरतो. पण काय शोधायचे हे सुचण्यासाठी आणि समोर आलेली बातमी तपासण्यासाठी डोक्यात एक कच्चा नकाशा लागतो. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया ताब्यात घेतल्यानंतर तीन अमेरिकी राज्यशास्त्रज्ञांनी २,०६६ अमेरिकी नागरिकांना नकाशावर युक्रेन दाखवायला सांगितले. सहापैकी एकालाच ते जमले. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष पुढचा होता : ज्यांचे बोट युक्रेनपासून जितके दूर पडले, तितका त्यांचा लष्करी हस्तक्षेपाला अधिक पाठिंबा होता. देश कुठे आहे हे माहीत नसणाऱ्यांचेही युद्धाविषयी ठाम मत होते.

अमेरिकेत शालेय पातळीवरही चित्र फारसे वेगळे नाही. २०१८ च्या राष्ट्रीय चाचणीत आठवीतील सुमारे २५ टक्के विद्यार्थीच भूगोलात अपेक्षित प्रावीण्यापर्यंत पोहोचले. तिथली १९८९ पासूनची ‘जिऑग्राफी बी’ ही गाजलेली स्पर्धा, जिची २०१२ ते २०१९ ची सर्व विजेतेपदे भारतीय वंशाच्या मुलांनी पटकावली, २०२१ मध्ये कायमची बंद झाली.

दुसरीकडे ‘जिओगेसर’ या ऑनलाइन खेळाने तरुणांत वेगळीच चाचणी लोकप्रिय केली. त्यात जगातील कुठल्यातरी रस्त्याचे दृश्य समोर येते आणि ठिकाण ओळखायचे असते. मुरलेले खेळाडू मातीचा रंग, झाडे, सावलीची दिशा, विजेचे खांब पाहून देश सांगतात. सूर्य उत्तरेला दिसला की दक्षिण गोलार्ध, अशी त्यांची सुरुवात असते. पाठांतर तिथेही आहे, पण ते खुणा वाचण्यासाठी.

राज्यातील विद्यार्थी कुठे मागे पडतात?

राज्य मंडळाच्या दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकाची २०१८ मध्ये आलेली मांडणी या दृष्टीने चांगली आहे. संपूर्ण पुस्तक भारत आणि ब्राझील यांच्या तुलनेवर उभे आहे. ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्यालगतचा ‘अजस्र कडा’ वारे अडवतो आणि त्यामागे पर्जन्यछाया तयार होते, हे त्यात आहे. माण-खटावची आठवण करून देणारा हा धडा परीक्षेपुरता वाचला जातो, कारण भूगोलाला ४० गुण आणि पुढे बहुतेकांचा विषयच सुटतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये जागतिक हवामान परिषद ब्राझीलमधील बेलेम येथे, ॲमेझॉनच्या मुखाजवळ झाली, तेव्हा हे पुस्तक अनेकांच्या घरी रद्दीत गेलेले होते.

आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि विद्यार्थ्यांना इतर विषयांच्या आधारे सरासरी गुण देण्यात आले. ती तुकडी आता पदवी घेऊन स्पर्धा परीक्षांच्या वयात आली आहे. त्यांच्यातील अनेकांसाठी भूगोलाची पहिली खरी परीक्षा आयोगाचीच ठरते. क्लास, खोली आणि मेस यांचा खर्च करून पुण्यात राहणाऱ्या उमेदवारासाठी दहावीतली ही राहिलेली जागा भरून काढण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे तेच पुस्तक आणि एक ॲटलास.

स्वतःची तयारी कशी तपासावी?

नाव न विचारता कारण विचारणारे चार प्रश्न. उत्तर वाचण्याआधी नकाशा उघडून पाहावा.

१. मुंबई आणि मेक्सिको सिटी जवळपास एकाच, १९ उत्तर अक्षांशावर. मग मेक्सिको सिटी थंड का? – उंची. ते शहर सुमारे २,२४० मीटरवर आहे.

२. लंडन आणि कॅनडातील कॅल्गरी ५१ अंशांच्या आसपास. कॅल्गरीचा हिवाळा इतका कडक का? – लंडनला समुद्राची ऊब आणि उत्तर अटलांटिकचा उष्ण प्रवाह मिळतो. कॅल्गरी खंडाच्या आत आहे.

३. पेरूची राजधानी लिमा समुद्रकिनारी. तिथे ढग आणि धुके असूनही पाऊस नगण्य का? – किनाऱ्यालगतचा थंड हम्बोल्ट प्रवाह.

४. ऑस्ट्रेलियातील पर्थला पाऊस जूनमध्ये आणि आपल्यालाही जूनमध्ये. दोन्ही ठिकाणी कारण एकच का? – नाही. आपला पाऊस उन्हाळ्यानंतरचा मोसमी. पर्थचा तिथल्या हिवाळ्याचा, भूमध्यसागरी.

चारही उत्तरांत पाच-सहा गोष्टीच पुन्हा पुन्हा येतात : अक्षांश, उंची, समुद्रापासूनचे अंतर, वाऱ्याची दिशा, सागरी प्रवाह आणि पर्वतांचा अडसर. अनोळखी ठिकाणाचे नाव आले तरी या कसोट्या लावून तिथला पाऊस, थंडी आणि पीक यांचा अंदाज बांधता येतो. रोजच्या बातम्यांतील एक ठिकाण नकाशावर शोधून त्याला या कसोट्या लावल्या, तर वर्षभरात तीनशेहून अधिक ठिकाणे होतात. अनेक याद्यांपेक्षा ही संख्या मोठी आहे आणि परीक्षेच्या हॉलमध्ये ती विसरण्याची शक्यता कमी.